कारण सापडेपर्यंत गोळ्यांची स्ट्रिप बंद ठेवू नका

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. 'रात्री झोपले की सकाळी जागच येऊ नये असं हल्ली वाटतं' असं लिहून पुढे लगेच 'पण ते सोडा' असंही लिहिलंय तुम्ही. मी ते सोडणार नाही. हे वाक्य आजच मिस्टरांना सांगा. डॉक्टरांनाही फोन करून सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्री-अपरात्री तो विचार जोर धरू लागला तर १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटू लागला तर एकट्या थांबू नका, मिस्टरांना घेऊन सरळ ससूनच्या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आजपासून त्यांच्या ताब्यात द्या.

इतर वाचकांसाठी या ताईंचं पत्र थोडक्यात सांगते. वय बेचाळीस, घर सहकारनगरला, नोकरी शिवाजीनगरला. स्वारगेटहून मेट्रोनं जायच्या. एका सकाळी मंडई स्टेशन सोडल्यावर भुयारातच छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले, 'आता मी काही वाचत नाही' असं वाटलं. ईसीजी आणि बाकीच्या तपासण्या नॉर्मल आल्या. तेव्हापासून आधी मेट्रो सुटली, मग बस, मग एकटीनं तुळशीबागेत जाणंही. गाण्याचा क्लास बंद झाला, ऑफिसला रजा टाकली, आता अकरा वाजेपर्यंत अंथरूण सुटत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्यात, पण रोजच्या गोळीची स्ट्रिप अजून फोडलेली नाही. कारण घरात चार मतं आहेत. दीर म्हणतात मेंदूतलं केमिकल कमी झालंय. काउन्सेलिंगचा कोर्स केलेल्या जाऊबाई म्हणतात लहानपणी वडिलांच्या धाकात दाबलेला राग आहे. मैत्रीण म्हणते निगेटिव्ह विचार सोड. आई म्हणते साडेसाती. 'खरं कारण कळल्याशिवाय उपचार कसे घेऊ?' हा यांचा प्रश्न आहे.

ताई, प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. पण त्यापायी तुमचे दिवस वाया जाताहेत, याची मला काळजी वाटते.

जाऊबाई म्हणतात त्याचं मूळ मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापर्यंत जातं. दुसऱ्यावरचा राग आत वळतो आणि माणूस स्वतःलाच बोल लावतो, अशी मांडणी त्यानं १९१७ साली केली होती. त्याच परंपरेत तयार झालेला अमेरिकेतला डॉक्टर ॲरन बेक हीच गोष्ट तपासायला निघाला. औदासीन्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, रुग्णांच्या स्वप्नांत त्याला राग सापडेल अशी अपेक्षा होती, पण सापडलं ते वेगळंच. हरल्याचं, नाकारलं गेल्याचं, काहीतरी हातचं गेल्याचं. जागेपणीही तेच विचार आपोआप येत होते. मग १९६० च्या दशकात त्यानं त्या विचारांवरच काम करणारी उपचारपद्धती उभी केली. त्याच्या थोडं आधी, १९५० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस हा मानसशास्त्रज्ञ त्याच दिशेनं निघाला होता. एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवला, त्यामुळे महाराष्ट्रात हे मराठीतून शिकता येतं. तेव्हा मैत्रिणीचं अगदीच चूक नाही. पण 'विचार सोड' म्हणून विचार सुटत नाही. तो कागदावर लिहून 'याला पुरावा काय?' असं त्याला विचारावं लागतं, आणि तेही शिकावं लागतं.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झालं म्हणून औदासीन्य आलं, इतकं सरळ गणित संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. तरीही औषधांचा अनेकांना उपयोग होतो, हेही तितकंच खरं.

आता मला जे सांगायचंय ते. दुखणं सुरू कशानं झालं आणि टिकून कशानं राहिलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कदाचित कधीच पक्कं मिळणार नाही. वडील, स्वभाव, आनुवंशिकता, ऑफिसातला ताण, सगळ्याचा थोडा थोडा हात असेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्या पत्रातच आहे, आणि उपचार चालतात ते बरेचसे त्यावरच.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये पॅनिकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याचं, जे वर्णन केलं ते तुमच्या त्या सकाळशी ताडून बघा. छाती धडधडली. 'हा हार्ट अटॅक' असा अर्थ तुम्ही लावलात. त्या अर्थानं भीती वाढली, भीतीनं धडधड वाढली, आणि वाढलेल्या धडधडीनं अर्थ पक्का झाला. मंडईहून पुढे काही मिनिटांत तुम्ही उतरलात, रिक्षा केलीत, जीव भांड्यात पडला. मनानं काय नोंद केली? उतरले म्हणून वाचले. धडधड आपोआपही ओसरते, हे कळायची संधीच त्याला मिळाली नाही. पुढच्या प्रत्येक टाळण्यानं तेच झालं. पर्समधली ती 'लागली तर' गोळी, दाराजवळचीच सीट, फोनवर मिस्टरांना लाइनवर ठेवणं, ही सगळी त्याच टाळण्याची धाकटी भावंडं.

म्हणून उपचार उलट दिशेनं जातो, पण पायरीपायरीनं. तज्ज्ञाबरोबर बसून तुमची यादी होईल. आधी स्वारगेट स्टेशनात खाली उतरून फलाटावरच्या बाकावर बसायचं, गाडीत चढायचंच नाही. घाबरायला झालं तरी उठायचं नाही, भीती ओसरू द्यायची. ते जमलं की एकच स्टेशन, मंडईपर्यंत, मिस्टरांसोबत. मग ते स्वारगेटलाच थांबतील आणि तुम्ही एकट्या जाऊन याल. मग कसबा पेठ, मग कोर्ट, मग शिवाजीनगर. एकेक पायरी पुन्हा पुन्हा करायची, आणि आधी लिहून ठेवायचं की आज काय होईल असं वाटतंय. परत आल्यावर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. त्या दोन रकान्यांतला फरक तुमचा तुम्हाला दिसला, की तो दहा जणांच्या समजुतीपेक्षा जास्त पटतो.

अंथरुणाचंही तसंच. 'मन लागलं की क्लासला जाईन' असं लिहिलंय तुम्ही. औदासीन्यात मन आधी लागत नाही, काम आधी सुरू होतं आणि मन मागाहून येतं. १९७० च्या दशकात लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून गळाल्या की उदासी वाढते, आणि उदासीनं आणखी गोष्टी गळतात. तेव्हा उद्या नऊला उठून फक्त कणीक भिजवा, बाकी स्वयंपाक सासूबाई करोत. संध्याकाळी दार लावून दहा मिनिटं तानपुऱ्याचं ॲप लावून सा धरा. चांगला लागला नाही तरी चालेल. वहीत वेळ लिहा आणि दहापैकी किती बरं वाटलं तेही.

आता गोळ्या. आत्याबाईंनी 'सवय लागते' म्हणून घाबरवलंय, पण दोन्ही गोळ्या एका माळेत ओवू नका. रोज घ्यायची एस्सिटॅलोप्रॅम त्या अर्थानं व्यसन लावत नाही. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ होते, कधी अस्वस्थता वाढते. तसं झालं, किंवा शेवटच्या ओळीतला विचार वाढला, तर लगेच डॉक्टरांना सांगा. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि अचानक बंद करत नाहीत. पर्समधली अल्प्राझोलाम मात्र खरोखर सवय लावणारी आहे. ती किती दिवस आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आईंना दुखवू नका. शनिवारी मारुतीला तेल घालून त्यांच्या जिवाला बरं वाटत असेल तर घाला, फक्त त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

जाऊबाईंकडून मात्र उपचार घेऊ नका, घरच्या माणसानं ते करू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. पहिल्याच भेटीत विचारा की पॅनिकसाठी तुम्ही अशा पायऱ्या करून घेता का, आणि घरी काय करायला देता. साधारण बारा ते सोळा बैठकांची तयारी ठेवा. वडिलांबद्दल बोलावंसं वाटलं तर तिथेच बोला, ते दुःख खरं असेल तर त्यालाही जागा मिळायला हवी.

आणखी एक. ईसीजीचं लिहिलंत, पण थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघितल्याचं पत्रात कुठे नाही. धडधड आणि थकवा यांच्यामागे कधी कधी तेही असतं. या आठवड्यात रक्त देऊन या, आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत गोळी सुरू करायची की थांबायचं, हे डॉक्टरांना आजच्या फोनवरच विचारून घ्या.

तुमची,
ताई