कोहिबा सिगारची जुनी पेटी घेताय? आधी बूड बघा

सिगारवरची कागदी कडी नंतर बघा, पेटी उलटी करा. क्यूबाच्या सिगारचं वय तळाला डागलेलं असतं. खऱ्या डागाचा खळगा बोटाला लागतो. 'एचो एन कूबा', म्हणजे क्यूबात बनवलेलं, 1961 पासूनचं. 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे पूर्णपणे हाताने, 1989 पासून. 'हबानोस एस. ए.', म्हणजे क्यूबाच्या सिगार विकणारी कंपनी, 1994 पासून. त्याआधी कूबातबाको या सरकारी तंबाखू कंपनीचं चिन्ह. तळालाच शेजारी असलेला शाईचा शिक्का महिना-सालाचा. अलीकडच्या पेट्यांवर महिना स्पॅनिशमध्ये असतो: जानेवारीला ENE ('एने'), ऑगस्टला AGO ('आगो'). JAN किंवा AUG असा इंग्रजी महिना दिसला की पेटी खाली ठेवा.

आता इतिहास लावून बघा. कोहिबाचा जन्म 1966 चा, पण ती बरीच वर्षं क्यूबाचे नेते फिडेल कास्त्रोंकडची भेटवस्तूच होती. बाजारात आली 1982 मध्ये, लान्सेरो, कोरोना एस्पेसियाल आणि पानेतेला या तीनच मापांत. बाकीचे प्रकार नंतरचे: रोबुस्तो 1989 ची, सिग्लो 1992 ची, बेहिके बीएचके 2010 ची. म्हणजे '1985 ची सिग्लो' विकणारा सरळ थापा मारतोय.

आणि हो, अमेरिकेत मिळणारी कोहिबा बहुधा डोमिनिकन असते. ती नकली नव्हे, वेगळ्या कंपनीची. तिला क्यूबाचा भाव मात्र देऊ नका.