मार्चचं बिल, एप्रिलची गाडी

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची चटयांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, उलाढाल १२ कोटी. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) लिमिट वाढवून घ्यायचीय. विक्री जास्त दिसावी म्हणून एप्रिलमधली दोन-तीन बिलं ३१ मार्चच्या तारखेत घ्यायला सांगितली, तर अकाउंटंट हातच जोडतो. वडिलांच्या काळात हे दरसाल चालायचं. — एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी त्या अकाउंटंटला चहा पाजा.

वडिलांच्या काळातलं मलाही ठाऊक आहे. धुळ्यात सीए होण्याआधीची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करताना एका जिनिंगच्या बिलबुकात मार्चअखेर चार पानं कोरी सोडलेली मी पाहिलीत. ताळेबंदही दोन : बँकेला गुबगुबीत, आयकरला किडकिडीत. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन, म्हणजे सीएनं ऑनलाइन काढायचा त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, आला. बँक तो तपासते, दुसरा ताळेबंद तिथंच संपला.

आता तुमचं बिल. २ एप्रिलला बसून ३१ मार्चच्या तारखेचं ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीचं ऑनलाइन बिल, चढवलंत तर सरकारी पोर्टल घेईलही. १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला ३० दिवसांची मुदत आहे. पण आयआरएनसोबत, म्हणजे पोर्टल बिलाला देतं त्या क्रमांकासोबत, पोचतारीख उमटते, २ एप्रिल. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, ३ तारखेचं, गाडी इंदूरकडे निघाली तीही ३ लाच. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. नोंद कधी केली, कधी बदलली, सगळं राहतं. तो बंद ठेवला असेल तर ऑडिटर म्हणून मला अहवालात लिहावं लागतं.

म्हणून विक्रीशी खेळणं कमी झालंय, हे खरं. खोड मात्र जात नाही, ती गोदामात शिरली. पोर्टलला बिल दिसतं, गोदामातला चटयांचा रोल दिसत नाही. हल्ली माझे अर्धे वाद शिल्लक मालावर होतात. परवाच एका कारखान्यात डाग पडलेले, कडा उसवलेले रोल ताज्या मालाच्या भावानं धरलेले सापडले. मी विचारलं, तर मालक म्हणे, "साहेब, धुतले की निघतील." शिल्लक मालाला तो बनवायचा खर्च किंवा विकून हाती येणारी किंमत, जी कमी असेल ती धरायची, धुण्याचा त्यात संबंध नाही. तुम्हीही आता तिकडे वळू नका, म्हणून सांगतोय.

लिमिटसाठी बँकेकडे हातातल्या ऑर्डरी घेऊन जा. एप्रिल-मेचे जीएसटीचे ३बी रिटर्न (महिन्याची विक्री नि कर दाखवणारे) भरून झाले की तेही जोडा. बँकवाले हल्ली तेच आधी बघतात. आणि पुढच्या वर्षी ३१ मार्चला अकाउंटंटच्या आधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावा.