ठाण्यात बारा महिने ऊन असताना माझं व्हिटॅमिन डी ११ कसं आलं? आता आयुष्यभर पुड्या घ्यायच्या का?

तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३४, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये. सहा महिने पाठ आणि पोटऱ्या दुखतात, केस गळतात. रिपोर्टमध्ये डी ११ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे दिली आहे. शेजारचे म्हणतात डी कमी असलं की डायबिटीस, कॅन्सर, काहीही होऊ शकतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आईलाही (वय ६८, चार वर्षांपूर्वी मुतखडा) तीच पुडी सुरू करू का.

मी डॉक्टर नाही. कोपरखैरण्याला माझं औषधाचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. ही पुडी रोज माझ्या हातून जाते. तिने माणूस उभा राहिलेला मी घरात पाहिलाय आणि तिनेच माणूस आयसीयूत गेलेलाही पाहिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातलं आधी. २००७ सालची गोष्ट. माझी आई तेव्हा पन्नाशीत होती. कळव्याला तळमजल्याच्या खोलीत राहायचो, समोर दुसरी इमारत, घरात दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागायची. आई दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवायची. तिला दोन वर्षं कंबर आणि मांड्या दुखत होत्या. सगळे म्हणायचे वात आहे, बाळंतपणाची कंबर आहे, वय झालं. मी रोज तिला दुखण्याच्या गोळ्या आणून देत होतो, तेही औषधविक्रीचं शिक्षण झालेलं असताना, याचं मला आजही वाईट वाटतं. मग तिला जमिनीवरून उठताना हात टेकावे लागायला लागले, चालताना ती दोन्ही बाजूंना झुलायची. एका वयस्कर डॉक्टरांनी तिला फक्त खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं, ते तिला जमलं नाही, आणि त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या अशा आजारात वाढतं ते) खूप वाढलेलं, डी ६. एक्स-रेत मांडीच्या हाडाला बारीक चीर. आजाराचं नाव ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाडं मऊ पडणं. लहान मुलांत हाच आजार झाला की आपण त्याला मुडदूस म्हणतो. डी आणि कॅल्शियम सुरू केल्यावर चौथ्या महिन्यात ती माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढली.

म्हणून कुणी 'व्हिटॅमिन डी म्हणजे औषध कंपन्यांचं फॅड' असं म्हणालं की मला ते पटत नाही. पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे वेगळं करून बघायला हवं.

डी हे नावापुरतं व्हिटॅमिन. खरं तर ते आपलं शरीरच बनवतं, हार्मोनसारखं. उन्हातले यूव्हीबी किरण (साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे) कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका पदार्थापासून डी-३ तयार होतं. यकृतात त्याचं एक रूप बनतं, जे आपल्या रिपोर्टमध्ये मोजतात. पुढे मूत्रपिंडात त्याचं काम करणारं रूप बनतं, कॅल्सिट्रिऑल. त्याचं मुख्य काम आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणं. डी पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १०-१५ टक्के अंगी लागतं, पुरेसं असेल तर ३०-४० टक्के. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्ताला पुरवतात. रक्ताचा रिपोर्ट बराच काळ ठीक दिसतो, हाडं मात्र रिकामी होत जातात. स्नायूही कमजोर होतात, मांड्या जड वाटतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. आईचं अगदी हेच झालं होतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, ठाण्यात ऊन असूनही कमी कसं. ऊन गावात असून भागत नाही, ते कातडीवर पडावं लागतं. तुम्ही काचा वर करून गाडीत बसता, दिवसभर काचेच्या इमारतीत असता, परतता तेव्हा अंधार. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, उष्णता येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे अडतात. म्हणजे ऑफिसात खिडकीजवळ टेबल घेऊनही उपयोग नाही. शिवाय आपली कातडी सावळी. सावळेपणा देणारं मेलॅनिन हेच किरण अडवतं, त्यामुळे तेवढंच डी बनायला गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो. त्यात जून ते सप्टेंबर ढग.

आणि एक समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, कोवळ्या उन्हाची. उपवन तलावाला सकाळी साडेसहा-सातला फेऱ्या मारणारे कितीतरी लोक मला सांगतात, 'आम्ही तर रोज ऊन घेतो.' फेऱ्या चांगल्याच आहेत, त्या सोडू नका. पण त्या वेळी सूर्य खाली असतो, किरण तिरपे येतात, वातावरणातून लांबचा प्रवास करतात आणि यूव्हीबी वाटेतच शोषले जातात. ओळखायची साधी खूण अशी: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनतंय. आपल्याकडे ते साधारण दहा-साडेदहानंतर ते दुपारी तीनपर्यंत. ऑफिसात जेवण झाल्यावर बाह्या वर करून वीस मिनिटं बाहेर चाला, आठवड्यातून चार-पाच दिवस. कातडी लाल होईपर्यंत थांबू नका, जास्त थांबून जास्त डी मिळतही नाही. एका मर्यादेनंतर कातडी जादा माल निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते. म्हणूनच उन्हाने डीची विषबाधा होत नाही. पुडीला मात्र असा अडसर नाही, तिच्याकडे पुढे येतो.

ऊन आणि हाडं यांचं नातं आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं, हे फार जणांना माहीत नसतं. हचिसन आणि शाह या दोघांनी मुंबई इलाख्यात पाहणी करून १९२२ साली लिहिलं की खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांत मुडदूस भरपूर आहे, आणि दिवसभर शेतात राबणाऱ्या गरिबांत, आहार निकृष्ट असूनही, तो नाही. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुलं पाऱ्याच्या, म्हणजे यूव्ही किरण देणाऱ्या, दिव्याखाली ठेवून बरी केली, आणि इंग्लंडात मेलॅनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाने हा आजार टळतो हे दाखवलं. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी त्या तेलातला घटक वेगळा ओळखून त्याला 'डी' हे अक्षर दिलं. आज पडदा गेला आणि टॉवर आले. कातडीला दोन्ही सारखेच.

११ हा आकडा काय सांगतो? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरतं असं ठरवलं, १२च्या खाली हाडांना खरा धोका मानला. तुमचं ११ खरंच कमी आहे. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा. पण आपल्या लॅबच्या रिपोर्टवर ३०च्या खाली सगळं 'कमी' छापलेलं असतं, आणि २४ आलेली धडधाकट माणसं घाबरून माझ्याकडे येतात. तो ३०चा आग्रह ज्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनतज्ज्ञांची संस्था) २०११ मध्ये धरला होता, तिनेच २०२४ मध्ये तो सोडला आणि ७५च्या आतल्या निरोगी माणसांनी उगाच डीची तपासणी करू नये असं सांगितलं. तुमच्यासारखं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

डायबिटीस आणि कॅन्सरची भीती मात्र मनातून काढून टाका. आजारी माणसांत डी कमी सापडतं, हे खरं. पण आजारी माणूस घरात पडून असतो, वजन जास्त असेल तर डी चरबीत अडकून राहतं, अंगात दाह असला की रक्तातलं डी उतरतं. म्हणजे कमी डी पुष्कळदा आजाराच्या मागून आलेलं असतं. हे तपासायला मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत व्हायटल नावाच्या प्रयोगात २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट डी दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. पाच वर्षांनंतर कॅन्सर किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण कमी झालं नाही. डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट दिले, २०१९ मध्ये निकाल आला, ठाम फरक नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना देऊन पाहिलं, टीबीचा संसर्ग टळला नाही. व्हायटलमध्ये संधिवातासारखे स्वयंप्रतिकार (शरीर स्वतःवरच उलटणारे) आजार काहीसे कमी दिसले, ते आशेचं आहे, पण तेवढ्यावर सगळ्यांनी पुड्या खाव्यात असं होत नाही. या प्रयोगांतल्या बऱ्याच लोकांचं डी मुळात बरं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काही मिळालं नाही, इतकंच त्यातून कळतं. तुमचं भांडं रिकामं आहे, ते भरायचं ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी.

केसांचं खापरही डीवर फोडू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२सुद्धा. पोटऱ्यांचं दुखणं बी-१२नेही असू शकतं.

आता पुडी. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे, कृपया हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा. काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानाजवळच राहणारे एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या चिठ्ठीवर किती दिवसांनी घ्यायची ते नीट लिहिलेलं नव्हतं. ते रोज एक घेत राहिले. काही पुड्या माझ्याकडून नेल्या, काही दुसऱ्या दुकानातून. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. सातव्या आठवड्यात उलट्या, सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ होईना, मग बोलणं असंबद्ध. कॅल्शियम १३च्या वर, म्हणजे फार चढलेलं, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. डी चरबीत साठत असल्यामुळे पुड्या बंद केल्या तरी ते उतरायला कित्येक आठवडे लागतात. ते वाचले, पण मूत्रपिंड पूर्वीसारखं झालं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर पेनाने वार लिहून देतो. तुम्हीही मोबाइलमध्ये रविवारचा गजर लावा. ऑस्ट्रेलियात तर वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा एकच डोस वृद्ध बायकांना दिला होता. त्यांची हाडं मोडण्याचं आणि पडण्याचं प्रमाण उलट वाढलं, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं.

पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, डी स्निग्ध पदार्थाबरोबर शोषलं जातं. माझे जैन गिऱ्हाईक विचारतात म्हणून सांगतो, डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनवतात. ते चालत नसेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलंही मिळतं. कॅल्सिट्रिऑलच्या कॅप्सूल मात्र याला पर्याय म्हणून परस्पर घेऊ नका. त्या मुख्यतः मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असतात.

आयुष्यभर पुड्या लागतील असं नाही. आठ आठवड्यांनंतर बहुतेक डॉक्टर महिन्याला एक पुडी किंवा रोजची छोटी गोळी देतात. प्रौढांची रोजची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये ६०० युनिट धरली आहे. तीन महिन्यांनी एकदा तपासा, त्याआधी नको. खाण्यातून डी थोडंच मिळतं: तारली, बांगडा, अंड्याचा बलक, आणि निळं '+एफ' चिन्ह असलेलं, म्हणजे वरून डी घातलेलं, दूध-तेल. कॅल्शियम मात्र ताटातूनच येऊ द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, बरोबर दूध-दही ठेवा. फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, फेनिटॉइन आणि रिफाम्पिसिन डी लवकर संपवतात.

आईंना ही पुडी आत्ता देऊ नका. ज्यांना मुतखडा झालाय त्यांचं कॅल्शियम आधीच वर असू शकतं, आणि त्यामागे पॅराथायरॉइडची गाठही असू शकते. अशात डी दिलं तर कॅल्शियम आणखी चढेल. त्यांचं कॅल्शियम, क्रिएटिनिन, डी आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) एकदाच रक्त देऊन तपासा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, तेही घरी बघा आणि डॉक्टरांना सांगा. तोवर तुमच्या उरलेल्या पुड्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा.