सत्तर हजारांचा फोन खरंच लागतो का?

तुमचं म्हणणं असं: १८ हजारांचा फोन तीन वर्षं झाली, हल्ली अडकतो, दुपारीच चार्जिंग संपतं, तर हप्त्यावर ७० हजारांचा घ्यावा का?

नको. आधी बॅटरी बदला. मी रिपेअरिंगच्या टेबलावरून सांगतोय, शोरूममधून नव्हे.

लिथियम बॅटरीचे पूर्ण चार्जचे ५०० ते ८०० फेरे झाले की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. तुमच्या बॅटरीच्या ५,००० एमएएच क्षमतेतले हजार केव्हाच गेलेत. शिवाय जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. कॅमेरा उघडला की प्रोसेसर एकदम करंट मागतो, व्होल्टेज बसतं आणि १५ टक्के दाखवत असतानाच फोन बंद. हे टाळायला जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मंद करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. बॅटरी नवी घातली की तेच फोन परत पळायला लागायचे.

कव्हर काढून मागच्या झाकणाची कड बघा. नख जाईल एवढी फट पडली असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू तर मुळीच नका.

बदलताना समोर उभे राहा. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली असलेला बरा. झाकण गरम करून प्लास्टिकच्या पिकने सोडवतात. खरी गडबड पुढे होते: बॅटरी खाली गमने चिकटलेली असते आणि घाईतला कारागीर ती लोखंडी पट्टीने उचकटतो. वाकली किंवा टोचली गेली तर धूर निघतो, पेटही घेते. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडून दोन-तीन मिनिटं थांबलं की ती अलगद सुटते. झाकण लावताना जुना गम पूर्ण काढून नवी चिकटपट्टी घालायला लावा, नाहीतर पावसात पाणी आत गेलंच म्हणून समजा.

अडकण्याचं दुसरं कारण स्टोरेज. काठोकाठ भरलं की नवीन काही लिहिण्याआधी फोनला आतली आवराआवर करावी लागते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ किती जीबी खातायत ते बघून हबकाल. १२८ पैकी २० तरी मोकळे ठेवा. आणि चार्जर सैल बसत असेल तर पोर्टात खिशातला धागा-कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने काढा, टाचणी नको.

आता २०० मेगापिक्सेलची भूल. तो कॅमेरा एरवी १६ पिक्सेलांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलात की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. सत्तर हजारांत वेगळं असं मिळतं ते ३ ते ५ पट झूमची लेन्स आणि उन्हात दिसणारा डिस्प्ले.

विकणाऱ्यांशी माझं कायम वाजतं ते एकाच वाक्यावरून: “महाग घ्या, पाच-सहा वर्षं बघायला नको.” अपडेट म्हणाल तर सॅमसंगने ए१६ ५जीसारख्या २० हजारांच्या आतल्या फोनलाही सहा वर्षांचा शब्द दिलाय. आणि बघायला कसं नको? वळलेल्या कडांचा डिस्प्ले एकदा आपटला की कॉम्बोच्या, म्हणजे काच-डिस्प्लेच्या जोडसंचाच्या, पैशात चांगला मधल्या किमतीचा फोन येतो. न आपटताही अमोलेड डिस्प्लेवर हिरवी रेघ उमटलेले महागडे फोन टेबलावर येतातच. तेव्हा हे विकणारे कुठे असतात?

असो. फोटो-व्हिडिओवर पोट असेल तर घ्या, ती झूम लेन्स वसूल होते. सिक्युरिटी पॅच (सुरक्षेचे अपडेट) बंद झाला असेल, किंवा ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी हे संथ प्रकारचं स्टोरेज असेल, तर फोन बदलणंच योग्य. पण २०-२५ हजारांतला, यूएफएस हे वेगवान स्टोरेज असलेला. ‘८+८ जीबी रॅम’ वाचून हुरळू नका, दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात.

बॅटरीसाठी फोन देताना बॅकअप घ्या आणि पिन सांगू नका. बॅटरी बदलायला पिन लागत नाही.