आफ्रो केस, शाळेचे नियम आणि तुमचे प्रश्न

मुलांच्या आफ्रो (आफ्रिकी वंशाच्या दाट कुरळ्या) केसांवरून शाळेने अडवलं तर काय करायचं, हे इंग्लंडमधल्या मराठी घरांतून हल्ली तेच तेच विचारलं जातंय, म्हणून सगळी उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: मिस्टर घानाचे आहेत. मुलगा कॉर्नरो (डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या) घालून गेला तर शाळेने घरी पाठवलं. मॅडम म्हणतात नियम सगळ्यांना सारखाच, मग भेदभाव कसा?

उत्तर: सारख्या नियमाचा फटका एकाच वंशाच्या मुलांना जास्त बसत असेल आणि शाळेकडे त्याचं सबळ कारण नसेल तर तो 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. 2011 मध्ये लंडनमधल्या हॅरोच्या एका शाळेविरुद्ध हाय कोर्टाने कॉर्नरोबंदीला अप्रत्यक्ष भेदभावच म्हटलं, शाळा म्हणत होती गँग कल्चर बाहेर ठेवायचंय, कोर्टाला ते पटलं नाही. पण त्या मुलाच्या घरात केस न कापायची रीत होती, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. तुमच्या घरची रीत काय ते लिहून काढा आणि सॉलिसिटरला (वकिलाला) दाखवा.

प्रश्न: आमचे भावजी म्हणतात क्राउन ॲक्ट दाखवला की शाळा गप्प बसते.

उत्तर: तो केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा, अमेरिकेतल्या काही राज्यांचा कायदा आहे, इथे दाखवून उपयोग नाही.

प्रश्न: शाळेने हॅलो कोडवर सही केलीय. आता काळजी नाही ना?

उत्तर: आफ्रो केसांवरून भेदभाव करणार नाही, असं ते स्वेच्छेने दिलेलं वचन आहे, कायदा नव्हे. शाळेची लेखी पॉलिसी मागून वाचा.

प्रश्न: गव्हर्नर्सकडे (शाळेच्या कारभारी मंडळाकडे) तक्रार करून चार महिने झाले. उत्तर आलं की कोर्टाचं बघू म्हणतोय.

उत्तर: हे वाचलं की माझं डोकं फिरतं. इंग्लंडमध्ये असा दावा काउंटी कोर्टात जातो आणि मुदत घटनेपासून सहा महिने, त्यातही एक दिवस कमी धरून चला, आणि शाळेची तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. कुणीतरी सांगतं "आधी आतली प्रोसिजर संपवावीच लागते", आणि लोक बसून राहतात, मग मे महिन्यात येतात की ऑक्टोबरमध्ये बाहेर काढलं होतं. मुदत वाढवायचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्या भरवशावर राहू नका. मुलाला बाहेर काढलं ती तारीख, कोण काय बोललं, कुठला ईमेल, सगळं त्याच दिवशी लिहा. तक्रार चालू द्या, पण त्याच आठवड्यात सॉलिसिटरकडे जा.

प्रश्न: लेस्टरला एमए करतेय, याच विषयावर डिझर्टेशन आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: शाळांच्या वेबसाइटवरच्या युनिफॉर्म पॉलिसींपासून. लंडनमधल्या हॅकनीच्या एका शाळेत आफ्रो केस "वाजवी आकाराचे" हवेत असा नियम होता, वाजवी म्हणजे किती ते कोण ठरवणार! त्यावरून दावा झाला आणि शेवटी 2020 मध्ये 8,500 पौंडांवर तडजोड झाली. असे शब्द गोळा करा आणि ब्रिटनच्या समानता आयोगाच्या (EHRC) ऑक्टोबर 2022 च्या मार्गदर्शनाशी ताडून बघा. मुलांच्या मुलाखती मात्र युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न: पार्लरवाली म्हणते रिलॅक्सरने मुलीचे केस सरळ करून टाका, कटकटच नको.

उत्तर: तिला बाटली विकायचीय. त्यातल्या केमिकलने टाळू भाजू शकते, त्वचेच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: एक एजंट पैसे घेऊन "क्लेम पॅक" देतोय, घेऊ का?

उत्तर: नको. इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसला (EASS) फोन करा, सल्ला फुकट मिळतो.