श्वासात हायड्रोजन पेरॉक्साइड आधीच असतं, मग नेब्युलायझरने घेतलं तर बिघडलं कुठे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना दम लागतो आणि फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आलाय, त्यात म्हणतात हायड्रोजन पेरॉक्साइड हवेत असतं, पावसात असतं, आपल्या श्वासातही असतं म्हणजे नैसर्गिकच आहे, तर मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते थोडं पातळ करून नेब्युलायझरने द्यायला काय हरकत. आधी उत्तर सांगतो, कारण नंतर. देऊ नका, एक थेंबही देऊ नका. मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि आईच्या दम्यामुळे आमच्या घरात नेब्युलायझर दहा वर्षं चालू आहे, म्हणून हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

व्हिडिओतली माहिती खरी आहे बरं का, आणि म्हणूनच माणूस फसतो. हवेत ते खरंच तयार होतं. ऊन, ओझोन आणि वाफ यांच्यापासून हवेत रॅडिकल, म्हणजे रेणूंचे अतिशय चपळ तुकडे, बनतात, त्यातल्या हायड्रोपेरॉक्सी नावाच्या दोन रॅडिकलची गाठ पडली की पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. उन्हाळ्यात, दमट हवेत, दुपारी जास्त. गंमत म्हणजे गाड्यांच्या धुराने भरलेल्या चौकात उलट कमी बनतं, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइड ते रॅडिकल आधीच पळवतो. पाण्यात ते प्रचंड विरघळतं म्हणून ढगात आणि पावसात उतरतं, १८७४ च्या सुमारास मॉस्कोत एमिल शोने नावाचे रसायनशास्त्रज्ञ पावसाच्या पाण्यात ते शोधत होते. ढगात गेलं की ते सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक ॲसिड करतं, आम्लपावसाचं हे एक मोठं कारण. म्हणजे नैसर्गिक असलं तरी ते गरीब गाय नाहीये. आणि हवेत किती असतं, तर एक अब्ज रेणूंमागे साधारण एक-दोन, तेही बरंचसं नाकातल्या ओलाव्यातच विरघळून जातं, खाली फारसं पोचत नाही.

आता श्वासाचं. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या झाकणावर हाः करून बघा, धुकं धरतं. तपासणीत तेच करतात, गार ठेवलेल्या नळीत दहा-पंधरा मिनिटं श्वास सोडायला लावतात, एक-दोन मिली पाणी जमतं, त्यात पेरॉक्साइड मोजतात. ते येतं कुठून? फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना ते बनवतात. सिगरेट ओढणाऱ्यांच्या, दम्याच्या, सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटच्या श्वासात ते जास्त सापडतं, कारण आत सूज आहे. अहो म्हणजे श्वासातलं पेरॉक्साइड हा आत लागलेल्या आगीचा धूर आहे, आणि तुम्ही बाहेरून आणखी निखारे आत टाकायला निघालात!

हिशोब करून दाखवतो, कागदावर तुम्हीही करा. बाटलीतलं ३ टक्के म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम, रेणुभार ३४, म्हणजे जवळपास ०.९ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं केमिस्ट्रीतलं माप). निरोगी माणसाच्या श्वासाच्या पाण्यात लिटरमागे एका मोलचा दहा लाखावा भागसुद्धा नसतो. फरक झाला सुमारे नऊ लाख पट. व्हिडिओवाले म्हणतील पातळ करा, ठीक आहे, तीस पट पातळ करून ०.१ टक्के केलं तरी तीस हजार पट उरतंच. शिवाय नेब्युलायझरचं कामच मुळी इतके बारीक थेंब करायचं की ते नाक-घसा चुकवून थेट आत जावेत, म्हणजे नाकाने जो बचाव केला असता तोही गेला.

खरचटलेल्या गुडघ्यावर ओतल्यावर पांढरा फेस येतो ना, तो जंतू मरतानाचा नाही, आपल्याच पेशींमधलं कॅटलेज एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं त्याचा आहे. ३ टक्क्यांच्या एका मिलीतून दहा मिली ऑक्सिजन निघतो. "मग ऑक्सिजन मिळतोच की" असं एका पालकांनी मला विचारलं होतं. एका नेब्युलायझेशनला तीन मिली धरा, अख्खे ३० मिली झाले, आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. म्हणजे ऑक्सिजन नावाला आणि आतलं नाजूक अस्तर मात्र भाजणार. अमेरिकेतल्या अस्थमा अँड ॲलर्जी फाउंडेशनने २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल स्पष्ट इशारा दिला होता, कोविडच्या काळात तिकडेही लोक हेच करत होते.

वडिलांचं ऑक्सिमीटरवर किती येतंय ते बघा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा, नेब्युलायझरमध्ये त्यांनी लिहून दिलेलं रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) सोडून काहीही घालू नका. आणि आधीच एखादवेळ दिलं असेल तर लपवू नका, खोकला वाढला, छाती जड झाली, धाप वाढली तर वाट न बघता हॉस्पिटलला न्या, फुप्फुसात पाणी काही तासांनीही होऊ शकतं. जाताना ती बाटली सोबत घ्या, लेबलवर ३ टक्के आहे का ६ का आणखी जास्त, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.