मालवणला फोन समुद्रात पडला. सायबर कॅफेतून मेल उघडून रेल्वेच्या तिकिटाची प्रिंट काढली तर चालेल का?

चालेल, पण बँक, कार्ड, यूपीआय यातलं काहीही त्या मशीनवर नको. तिकीट अजून काढायचंच असेल तर कुडाळ किंवा कणकवली स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर रोख देऊन काढा, लॉगिनची भानगडच नाही.

लोक इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोवर, फार विसंबतात. ती विंडो बंद केली की हिस्ट्री आणि कुकीज जातात, एवढंच. मशीनमध्ये कीलॉगर बसवलेला असेल तर तुम्ही टाईप केलेलं प्रत्येक अक्षर तो टिपतोच. डाउनलोड केलेली पीडीएफही फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. प्रिंट झाली की शिफ्ट दाबून डिलीट करा, नाहीतर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते.

त्यापेक्षा सोबतच्या कुणाच्या फोनवर मेल उघडा आणि फक्त तिकिटाची फाईल दुकानदाराला पाठवा. म्हणजे पासवर्ड त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. मात्र टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर ओटीपी बुडालेल्या नंबरवरच जाणार. ओटीपीऐवजी चालणारे गूगलचे बॅकअप कोड पाकिटात लिहून ठेवले असतील तर ते इथे कामाला येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, त्यामुळे वापरलेला कोड नंतर कुणाच्या हाती लागला तरी निरुपयोगी.

कॅफेतच लॉगिन करावं लागलं, तर 'पासवर्ड सेव्ह करू का?' याला नाही म्हणा आणि उठण्याआधी लॉगआउट करा. घरी पोचल्यावर पासवर्ड बदला, शिवाय गूगल अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जाऊन अनोळखी डिव्हाइस काढून टाका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.